मुद्रक-प्रकाशकाची ओळ आणि अनुदिनी : मुंबईच्या संदर्भात नागरी पत्रकारितेचा एक कालखंड (२००४-२०१८)

प्रस्तावना

मराठी दैनिकाच्या एखाद्या पानाच्या तळाशी बारीक टंकात एक ओळ छापलेली असते. मुद्रक व प्रकाशक कोण, छापखाना कोठला, संपादक कोण, एवढाच तिचा मजकूर. वाचक ती सहसा वाचत नाहीत. १८६७ च्या मुद्रणालय व पुस्तक नोंदणी अधिनियमाने ही ओळ बंधनकारक केली. १८५७ च्या उठावानंतर दहाच वर्षांनी झालेल्या या कायद्यामागील शासनाचा हेतू उघड होता : आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाल्यास कोणास धरावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. तथापि या ओळीचा दुसराही एक परिणाम झाला. छापलेल्या शब्दामागे कोणी तरी नावानिशी उभे आहे, ही खात्री वाचकाला मिळाली.

या खात्रीची किंमत मराठी वृत्तपत्रसृष्टीने फार लवकर मोजली. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबाबत 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी कारभारी बर्वे यांच्यावर लेखन केले. ज्या पत्रांच्या आधारे ते लेखन झाले ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरीही १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. या प्रसंगाकडे स्वातंत्र्याच्या चळवळीतील पहिला तुरुंगवास म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो अप्रस्तुत नाही; परंतु पत्रकारितेच्या दृष्टीने पाहता अपुऱ्या पडताळणीने छापलेल्या मजकुराचे हे प्रकरण आहे, आणि त्याची जबाबदारी कोणाची याविषयी तेव्हा कोणाच्याही मनात संदेह नव्हता, ही बाब अधिक लक्षणीय आहे.

आंतरजालावरील अनुदिनीने, म्हणजेच ब्लॉगने, ही ओळच काढून टाकली. प्रस्तुत निबंधात २००४ ते २०१८ या कालखंडातील काही घटनांच्या आधारे, मुख्यतः मुंबई व महाराष्ट्राच्या संदर्भात, या बदलाचा विचार केला आहे. अनुदिनीमुळे 'लोकशाहीचे नवे युग' अवतरले किंवा पत्रकारितेचा ऱ्हास झाला, या दोन्ही टोकांच्या विधानांना त्या काळात उदंड प्रसिद्धी मिळाली. घटनांचा क्रम नीट पाहिला तर चित्र यापेक्षा गुंतागुंतीचे दिसते.

तांत्रिक पार्श्वभूमी

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजालाची सेवा सुरू केली. मुंबईतून चालणारे 'रीडिफ' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये उभे राहिले. 'तहलका' या संकेतस्थळाने मार्च २००१ मध्ये संरक्षण खरेदीतील लाचखोरीचे चित्रण उघड केले, तेव्हा सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांना व संरक्षणमंत्र्यांना पद सोडावे लागले. मात्र बहुसंख्य लोकांनी ते चित्रण दूरचित्रवाणीवर पाहिले. संकेतस्थळापर्यंत पोहोचू शकणारे लोक तेव्हा फारच थोडे होते. शिवाय 'तहलका' ही संपादक, वार्ताहर व पगारपत्रक असलेली संस्थाच होती.

अनुदिनीचे तसे नव्हते. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ मध्ये रूढ झाला, 'ब्लॉगर' ही विनामूल्य सोय १९९९ मध्ये आली आणि फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली. यानंतर छापखाना, कागद, वितरक यांपैकी काहीही हाताशी नसताना लेखन प्रसिद्ध करणे कोणालाही शक्य झाले.

मराठीत या सोयीचा लाभ उशिरा पोहोचला. याचे कारण विचारांत नव्हे, टंकांत होते. 'मायबोली'सारखे संकेतस्थळ १९९६ पासून परदेशस्थ मराठी मंडळींना एकत्र आणत होते. पण त्या काळात प्रत्येक मराठी दैनिकाच्या संकेतस्थळाचा टंक वेगळा असे. तो आपल्या संगणकावर उतरवून घेतल्याशिवाय अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात उमटत नसे, शोधयंत्राला सापडत नसे. युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीला आज्ञाप्रणालींचा आधार मिळाला आणि रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवणाऱ्या सुविधा आल्या, तेव्हा म्हणजे साधारणतः २००४ नंतर, मराठी अनुदिन्यांची संख्या वाढू लागली. 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' हे शब्दही याच काळात रुजले. परिणामी ज्या सुरुवातीच्या वर्षांत अनुदिनीने सार्वजनिक प्रश्नांना हात घातला, त्या वर्षांत मुंबईतील अनुदिनी प्रामुख्याने इंग्रजीत बोलत होती. पुढील घटना वाचताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते.

आपत्ती आणि माहिती

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली. पीटर ग्रिफिन, डिना मेहता व रोहित गुप्ता या मुंबईकर अनुदिनी-लेखकांनी त्याच दिवसाच्या सुमारास एक सामूहिक अनुदिनी उघडली. बेपत्ता व्यक्तींची चौकशी, मदतकेंद्रांचे दूरध्वनी, कोणत्या ठिकाणी कशाची गरज आहे, कोणती संस्था विश्वासार्ह आहे, अशा माहितीचे संकलन देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी तेथे सुरू केले. वृत्तपत्रे मृतांची संख्या सांगत होती. ही अनुदिनी जिवंत असलेल्यांना काय हवे ते सांगत होती. हा फरक त्या वेळी फारसा कोणी नोंदवला नाही. वास्तविक बातमीच्या व्याख्येतच येथे बदल झाला होता. जी माहिती फक्त काही शेकडा लोकांच्या उपयोगाची आहे, ती छापणे दैनिकाला परवडत नाही. अनुदिनीला जागेची अडचण नव्हती.

सात महिन्यांनी हाच अनुभव खुद्द मुंबईला आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधीत कुलाब्यास त्याच्या दशांशाहूनही कमी. दक्षिण मुंबईतील कार्यालयांतून शहराचे जे चित्र दिसत होते आणि कुर्ला, कलिना, साकीनाका येथे जे घडत होते, त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. लोकल बंद, वीज गेलेली, भ्रमणध्वनी मुके. वीज असलेल्या भागांतून व परदेशांतून काही लोकांनी अनुदिन्यांवर पाण्याची पातळी, अडकलेल्या लोकांचे ठावठिकाणे, निवाऱ्याच्या जागा यांची नोंद केली. तथापि या कार्याचे मोल सांगताना एक गोष्ट झाकू नये. मिठी नदीच्या काठच्या झोपडपट्टीत ज्यांची घरे वाहून गेली, त्यांच्यापर्यंत यांतील एकही नोंद पोहोचली नसावी. त्यांना वाचवले ते शेजाऱ्यांनी, दोरांनी आणि आसपासच्या इमारतींच्या जिन्यांनी.

११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले. दूरध्वनीसेवा कोलमडताच 'मुंबई हेल्प' या अनुदिनीवर लोक आपल्या माणसांची चौकशी करू लागले आणि रुग्णालयांतील माहिती तेथे संकलित होऊ लागली. दोनच दिवसांनी, १३ जुलै रोजी, दूरसंचार विभागाने आंतरजाल-सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना सुमारे १७ पाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यांतील काही पाने 'ब्लॉगस्पॉट' या स्थळावरील होती. एकेक पान वेगळे करण्याच्या खटाटोपात न पडता अनेक कंपन्यांनी ते संपूर्ण स्थळच बंद केले. 'मुंबई हेल्प'चा पत्ताही त्याच स्थळावर होता. शहर आपल्या जखमींचा शोध घेत असताना शोधाचे एक साधन शासनाच्याच आदेशाने, शासनाचा तसा हेतू नसताना, बंद पडले.

यानंतर जे घडले ते नागरी जीवनाच्या इतिहासात अधिक महत्त्वाचे आहे. अनुदिनी-लेखकांनी एकत्र येऊन कोणत्या कंपनीने काय बंद केले याची यादी केली आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून आदेशाविषयी विचारणा केली. तो केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून, म्हणजे जेमतेम नऊ महिने, अंमलात होता. काही दिवसांतच विभागाने कंपन्यांना केवळ नेमकी पाने बंद करण्याविषयी खुलासा केला व स्थळ पूर्ववत सुरू झाले. अनुदिनी आणि माहितीचा अधिकार या दोन साधनांची सांगड येथे सुरुवातीसच पडलेली दिसते. एकाने कागद मिळवायचा, दुसऱ्याने तो सर्वांसमोर ठेवायचा. पूर्वी हे दोन्ही एकट्या वार्ताहराचे काम होते.

जाहिरातदार आणि टीका

अनुदिनीची खरी कसोटी मात्र आपत्तीत लागली नाही. आपत्तीत सर्वांचेच हित एक असते. ती लागली ती एका शिक्षणसंस्थेच्या संदर्भात, आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी हे प्रकरण विसरू नये असे त्याचे स्वरूप आहे.

इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ प्लॅनिंग अँड मॅनेजमेंट ही खाजगी व्यवस्थापनसंस्था त्या काळात मोठ्या इंग्रजी दैनिकांतून पानभर जाहिराती देत असे. २००५ च्या मध्यास रश्मी बन्सल यांच्या संपादनाखालील 'जॅम' या मुंबईच्या युवा नियतकालिकाने या जाहिरातींतील दाव्यांची पडताळणी करणारा लेख छापला. गौरव सबनीस या तरुण अनुदिनी-लेखकाने त्या लेखाचा दुवा देऊन संस्थेवर टीका केली. ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांना १२५ कोटी रुपयांच्या भरपाईची मागणी करणारी नोटीस ई-पत्राने आली. सबनीस तेव्हा आयबीएम या कंपनीत नोकरीस होते आणि ती संस्था त्या कंपनीची संगणक-ग्राहक होती. लेखन मागे न घेतल्यास विद्यार्थी कंपनीच्या कार्यालयासमोर संगणक जाळतील, असे कंपनीस कळवण्यात आल्याचे सबनीस यांनी आपल्या अनुदिनीवर नमूद केले. मालकास अडचणीत न आणता त्यांनी राजीनामा दिला आणि लेखन कायम ठेवले. रातोरात काही अनामिक अनुदिन्या उघडल्या गेल्या व त्यांतून बन्सल यांच्यावर अत्यंत हीन मजकूर लिहिला गेला.

या प्रकरणातून तीन गोष्टी दिसतात. मूळ शोध छापील नियतकालिकाचा होता. अनुदिनीने त्यास वाचक मिळवून दिले. दुसरे असे की, ज्या दैनिकांना त्या जाहिरातींतून उत्पन्न होते त्यांतील बहुतेकांनी हा विषय बराच काळ टाळला किंवा त्यास अल्प जागा दिली. आणि तिसरी, निबंधाच्या सूत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : छापील पत्राच्या वार्ताहराला नोटीस आली तर ती संस्थेकडे जाते, संस्थेचा वकील उत्तर देतो. अनुदिनी-लेखकामागे मुद्रक नव्हता, प्रकाशक नव्हता. तेव्हा त्याच्या नोकरीलाच हात घातला गेला. मुद्रक-प्रकाशकाची ती ओळ केवळ शासनाच्या सोयीची नव्हती, लेखकाचे कवचही होती, हे येथे प्रथमच स्पष्ट झाले.

प्रकरण येथे थांबले नाही. २०११ मध्ये 'कॅरव्हान' मासिकातील लेखावरून संस्थेने आसामातील सिलचर येथे ५० कोटींचा दावा लावला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये, ही संस्था विद्यापीठ नाही व तिला पदवी देण्याचा अधिकार नाही, अशी जाहीर सूचना काढली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयाच्या आदेशावरून दूरसंचार विभागाने संस्थेवर टीका करणारी ७० हून अधिक पाने बंद करण्यास सांगितले. त्या यादीत खुद्द अनुदान आयोगाच्या सूचनेचे पान होते! शासनाच्या एका अंगाने विद्यार्थ्यांना सावध करावे आणि दुसऱ्याने ती सावधगिरीच झाकावी, असा हा प्रकार. अखेर सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने संस्थेला आपल्या अभ्यासक्रमांसाठी 'एमबीए', 'बीबीए', 'बिझनेस स्कूल' यांसारखे शब्द वापरण्यास मनाई केली, आणि २०१५ मध्ये बहुतेक केंद्रे बंद करण्याची घोषणा झाली. पहिल्या लेखापासून या निकालापर्यंत नऊ वर्षे लोटली. मधल्या काळात शुल्क भरून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्यांचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात नाही.

याचा अर्थ छापील पत्रकारिता निष्प्रभ झाली होती असे नव्हे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांविषयी शब्दशः एकच मजकूर 'बातमी' म्हणून छापल्याचे 'द हिंदू'मधून पी. साईनाथ यांनी उघड केले. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा हा प्रश्न अनुदिनीने नव्हे, मुरलेल्या वार्ताहराने चव्हाट्यावर आणला. मात्र भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या उपसमितीचा सविस्तर अहवाल परिषदेने दडवला, तेव्हा तो वाचकांस उपलब्ध झाला तो आंतरजालावर; आणि माहितीच्या अधिकारातील आदेशानंतर २०११ मध्ये परिषदेस तो अधिकृतरीत्या प्रसिद्ध करावा लागला.

नाव आणि पत्ता

मुद्रकाचे नाव नसले तरी प्रत्येक संगणकाला अंकीय पत्ता असतो, त्यामुळे जबाबदार व्यक्ती शोधून काढता येईल, असा युक्तिवाद या काळात केला जाई. २००७ मध्ये 'ऑर्कुट'वर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अवमानकारक मजकूर आढळला. पुणे पोलिसांनी अंकीय पत्त्याची चौकशी केली, सेवा-कंपनीने एका ग्राहकाचे नाव कळवले, आणि बंगळूरच्या एका संगणक-अभियंत्यास अटक झाली. कंपनीने दिलेली माहिती चुकीची होती. तो सुमारे ५० दिवस तुरुंगात राहिला. १८८२ मध्ये डोंगरीत गेलेल्या संपादकांनी निदान तो मजकूर छापला होता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज व ओबेरॉयच्या परिसरातून लोकांनी छायाचित्रे व लघुसंदेश प्रसारित केले. त्यांत अफवाही होत्या. परंतु न्यायालयीन चिकित्सेला सामोरे जावे लागले ते दूरचित्रवाहिन्यांना. हल्लेखोरांचे सूत्रधार थेट प्रक्षेपण पाहून सूचना देत होते, हे ध्वनिमुद्रित संभाषणांवरून दिसत असल्याने सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. वाहिनीच्या अशाच वार्तांकनावर टीका करणाऱ्या एका परदेशस्थ अनुदिनी-लेखकास मात्र त्याआधीच, जानेवारी २००९ मध्ये, कायदेशीर नोटिशीनंतर लेखन मागे घेऊन माफी मागावी लागली होती.

हल्ल्यानंतरच्या महिन्यात, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील दुरुस्ती जवळजवळ चर्चेविना मंजूर केली. तिच्यातील कलम ६६ अ नुसार 'त्रासदायक' संदेश पाठवणे हा गुन्हा ठरला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी प्रश्न उपस्थित करणारी काही वाक्ये पालघरच्या एका तरुणीने 'फेसबुक'वर लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती पसंत केल्याची केवळ खूण केली. दोघींना अटक झाली, नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. वाचकाने मान डोलावणे हाही गुन्हा ठरावा, असे १८७८ च्या देशी वृत्तपत्र कायद्यातही नव्हते. याच घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

राईनपाडा

तोपर्यंत अनुदिनीचा बहर ओसरला होता. लेखन 'फेसबुक', 'ट्विटर' व 'व्हॉट्सअ‍ॅप'कडे सरकले. अनुदिनीला निदान एक कायम पत्ता होता, जुने लेखन तारखेनिशी वाचता येत होते, प्रतिवाद त्याच पानाखाली होत होता. भ्रमणध्वनीवरून पुढे ढकललेल्या संदेशाला यांपैकी काहीच नसते.

१ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारहाण करून ठार केले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. परिसरात आठवडाभर फिरणाऱ्या संदेशांचा मूळ लेखक कोण, हा प्रश्नच निरर्थक होता. ज्याने तो पाठवला त्याने लिहिला नव्हता. ज्याने लिहिला त्याला राईनपाडा ठाऊकही नसेल. २००४ मध्ये मुंबईतल्या अनुदिनीने अनोळखी माणसांना मदत कशी पोहोचवावी ते सांगितले होते. त्याच महाजालाने येथे अनोळखी माणूस म्हणजे शत्रू असे सांगितले. साधन एकच असले तरी पहिल्या प्रसंगी माहिती पडताळणारे स्वयंसेवक मध्ये उभे होते, दुसऱ्या प्रसंगी कोणीच नव्हते. त्याच महिन्यात 'व्हॉट्सअ‍ॅप'ने भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी चिठ्ठी लावण्यास प्रारंभ केला. हा मजकूर पाठवणाऱ्याचा नाही, एवढे ती चिठ्ठी सांगते. कोणाचा आहे ते सांगत नाही.

शासनाने ही उणीव २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला. आंतरजालावरील वृत्तप्रकाशकांना तक्रार-निवारण अधिकारी नेमणे व आचारसंहिता पाळणे बंधनकारक करण्यात आले. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागणाऱ्यांत निखिल वागळे हे 'आपलं महानगर' या सायंदैनिकाचे माजी संपादक होते. छापील ओळीखाली आपले नाव वर्षानुवर्षे देणारा संपादक आंतरजालावरील लेखकांच्या बाजूने उभा राहिला. आचारसंहितेच्या सक्तीला न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम स्थगिती दिली. शासनाच्या कारभाराविषयीचा मजकूर खरा की खोटा हे शासनाच्याच कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती २०२३ मध्ये आली. त्या दुरुस्तीवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले, आणि तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने ती रद्द केली.